दीड लाख किलोमीटरला घाबरू नका, साठ हजाराला घाबरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला साताऱ्यात, नोकरी पुण्यात वारज्याला, आठवड्यातून चार दिवस ऑफिस, जाऊन-येऊन साधारण २२० किलोमीटर. जुनी गाडी घ्यायची आहे, बजेट साडेपाच लाख. मित्र म्हणतो डिझेल स्विफ्ट घे, मेहुणा म्हणतो डिझेलचे दिवस गेले, सीएनजी घे. आणि तुम्ही स्वतः ६० हजार किलोमीटर झालेली, गावातल्या गावात फिरलेली एक गाडी हेरून ठेवली आहे, कारण 'चाललीच नाहीये फारशी'.

मी इंडिका-सुमोच्या जमान्यापासून डिझेल गाड्यांचं गॅरेज चालवतोय. शेवटच्या वाक्यावर सगळ्यात जास्त बोलायचं आहे, पण आधी मेहुण्याचा मुद्दा उरकून घेऊ, कारण तो अगदीच चुकीचा नाही.

महिन्याला १७ फेऱ्या धरा. म्हणजे ३,७०० किलोमीटरच्या वर, आणि घरची कामं, लग्नकार्य, कोकणातली एखादी फेरी सोडूनही वर्षाला ४५ हजार. डिझेल ९० रुपये लिटर आणि ॲव्हरेज २० धरलं (हायवेला २२ पण मिळेल, पण कात्रजनंतरचं ट्रॅफिक आणि खंबाटकीचा चढ आहे) तर किलोमीटरला साडेचार रुपये. पेट्रोल १०४ ने आणि १८ च्या ॲव्हरेजने पावणेसहा-पाच ऐंशी. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला २४ किलोमीटर धरले तर पावणेचार. म्हणजे वर्षाला डिझेल पेट्रोलपेक्षा ५७ हजारांनी स्वस्त आणि सीएनजी डिझेलपेक्षा आणखी ३३-३४ हजारांनी स्वस्त. भाव इकडेतिकडे होतील, पण चित्र हेच राहील.

मग सीएनजी का नको? कारण कंपनी-फिटिंगच्या छोट्या गाडीच्या सिलिंडरमध्ये प्रत्यक्षात आठेक किलो गॅस बसतो. आठ गुणिले २४, म्हणजे १९२. तुमची एक फेरी २२० ची. म्हणजे रोज, न चुकता, कुठल्या तरी पंपाच्या रांगेत तुम्ही उभे. संध्याकाळी सात वाजता, सव्वाशे किलोमीटर घर लांब असल्यासारखं वाटत असताना. शिवाय डिक्की गेली, आणि एसी लावून चार माणसं घेऊन चढाला गाडी दमते. तुमच्या घराजवळ रात्री उशिरा चालू असणारा, रांग नसलेला पंप असेल तर मेहुण्याचं ऐका, मी वाईट वाटून घेणार नाही. नसेल तर डिझेलच. आणि उद्या ऑफिसने आठवड्यातून एकच दिवस बोलावलं, तर साधी पेट्रोल गाडी घ्या. महिन्याला दीड हजार किलोमीटरच्या खाली डिझेलचा फायदा देखभालीत विरघळतो.

आता त्या ६० हजारवाल्या गाडीकडे येऊ.

डिझेल गाडी चालून जेवढी खराब होते त्यापेक्षा उभी राहून जास्त होते. डिझेल इंजिन गरम व्हायला वेळ घेतं. घर ते मंडई, मंडई ते दवाखाना अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ते कधी पूर्ण गरमच होत नाही. अर्धवट जळलेली काजळी ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) आणि इनटेकमध्ये (इंजिनात हवा जायचा मार्ग) बसत जाते, डांबरासारखी. ऑइलमध्ये डिझेल उतरतं, ऑइल पातळ होतं. टर्बोला, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्याला, कधी पूर्ण दाबानं फिरायला मिळत नाही, त्याच्या आतल्या पात्या जागच्या जागी चिकटतात. वर गावातल्या अर्ध्या क्लचवर क्लच प्लेट झिजते ती वेगळीच. मीटरवर मात्र सगळं कसं गोंडस दिसतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझ्या साडूसाठी मीच एक गाडी पास केली. ५८ हजार किलोमीटर, एक हाती, सीटवरचं प्लास्टिक काढायचं राहिलेलं. मालक निवृत्त गृहस्थ, अत्यंत सज्जन. गाडीवर एक ओरखडा नाही. मी भुललो. एवढी वर्षं या धंद्यात असून भुललो. घेतल्यावर दोन महिन्यांत पसरणी घाटात गाडीनं पिकअप सोडला, लाल दिवा लागला आणि दुसऱ्या गिअरवर रांगत ती वर आली. इनटेक उघडला तर चार बोटांच्या भोकातून जेमतेम एक बोट जाईल एवढी काजळी. दोन नोझल (डिझेल फवारणारे) गेलेले, टर्बो चिकटलेला. सगळं मिळून ८४ हजार. मजुरी मी घेतली नाही, घेणार तरी कुठल्या तोंडानं.

त्याच्या पुढच्याच वर्षी कराडच्या एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीची डिझायर बघितली. १ लाख ७२ हजार किलोमीटर. बंपरला दगडांचे टवके, चालकाच्या सीटचं कापड उजव्या कडेला झिजलेलं. पण ग्लोव्ह बॉक्समध्ये एक वही. तारीख, किलोमीटर, किती लिटर डिझेल, ऑइल कधी, डिझेल फिल्टर कधी, सगळं एकाच अक्षरात. क्लच १ लाख १८ हजारला बदललेला, बिल वहीत टाचलेलं. रोज कराड-कोल्हापूर-सांगली. ऑइल फिलरचं झाकण काढलं तर आत स्वच्छ, सोनेरी-तपकिरी. ती गाडी आज माझ्या एका गिऱ्हाइकाकडे तीन लाखांच्या पुढे आहे आणि इंजिन अजून उघडलेलं नाही.

म्हणून तुम्हाला शोधायची आहे ती दीड लाखाच्या आसपासची, हायवेला चाललेली, कागद असलेली गाडी. अशी गाडी बाजारात स्वस्तही मिळते, कारण सगळे तुमच्यासारखे मीटर बघूनच मागे फिरतात. याच भीतीपोटी एजंट मीटर मागे घेतात. लोकांनी दीड लाखाला नाक मुरडायचं सोडलं तर निम्मे मीटर आपोआप खरे बोलतील.

मीटर मागे घेतलंय का, हे ओळखायचं कसं? सगळ्यात भक्कम पुरावा अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदींचा. मालकाला बरोबर घेऊन गाडीचा नंबर आणि चेसिस नंबर द्या, प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि किलोमीटर निघतात. शेवटची नोंद २०२१ मध्ये १ लाख १० हजारची आणि आज मीटरवर ८५ हजार, असं झालेलं मी किती वेळा बघितलंय त्याला गणती नाही. नोंदी नसतील तर गाडीलाच विचारा. ब्रेक आणि क्लच पेडलची रबरं, स्टिअरिंगचा 'दहा वाजून दहा' वरचा भाग, गिअरच्या नॉबवरचे आकडे. ६० हजारला हे गुळगुळीत होत नाहीत. टायरच्या बाजूला चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २०१७ ची गाडी, मीटरवर ४० हजार आणि टायर मात्र २०२३ चे, तर विचारा की पहिले टायर ४० हजाराच्या आत कुठे गेले.

मॉडेलचं सांगायचं तर २०१६ ते २०१९ मधली बीएस-४ (प्रदूषणाच्या आधीच्या मानकाची) गाडी तुमच्या बजेटला योग्य. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, त्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ आला. तुमच्या हायवेच्या रोजच्या धावण्याला डीपीएफ काही त्रास देणार नाही, तो गावातल्या गावात फिरणाऱ्यांनाच छळतो. पण साडेपाच लाखांत चांगली बीएस-६ डिझेल मिळणं अवघड, आणि मिळालीच तर आधीच्या मालकानं ती कशी वापरली हा प्रश्न दुप्पट महत्त्वाचा. बीएस-४ छोट्या डिझेल गाड्या साध्या आहेत, वाई ते कराड कुठलाही बरा मेकॅनिक त्या उघडून बसवू शकतो.

यात पहिलं नाव अर्थात फियाटचं १.३ मल्टिजेट. १२४८ सीसीचं हे इंजिन इतक्या गाड्यांत बसलं की त्याला गमतीनं 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे: स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा, टाटाची व्हिस्टा-मान्झा-झेस्ट, फियाटच्या स्वतःच्या पुंटो-लिनिआ. आपल्या रांजणगावातही ते बनायचं. मारुतीनं २०२० मध्ये डिझेल बंद केलं, पण पार्ट आजही तालुक्याच्या गावी मिळतात. ७५ हॉर्सपॉवरवालं साध्या टर्बोचं, ९० वालं व्हीजीटी, म्हणजे हलत्या पात्यांच्या टर्बोचं. तुम्हाला ७५ पुरे. दोन हजार आरपीएमच्या खाली ते थोडं झोपलेलं असतं, गिअर बदलायची सवय लावून घ्यावी लागते. याची एकच दुखरी नस: आत ऑइल जेमतेम तीन लिटरच्या आसपास, म्हणून ऑइल बदलायला उशीर केला की टायमिंग चेन (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारी साखळी) सैल होते.

त्यातही मी तुम्हाला २०१७ नंतरची डिझायर सुचवेन. त्या वर्षी आलेल्या मॉडेलपासून सगळ्या व्हेरियंटमध्ये दोन एअरबॅग आणि एबीएस आले. त्याआधीच्या एलडीआयमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या डिझेल व्हेरियंटमध्ये, ही दोन्ही नाहीत. रोज २२० किलोमीटर, पावसाळ्यात खंबाटकीच्या धुक्यात, एबीएस नसलेली गाडी तीस हजारांनी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. हे मी विक्रेत्यासमोरही म्हणतो, त्यांना आवडत नाही.

सियाझ डिझेल मिळाली तर तीही बघा, लांबच्या पल्ल्याला मागचं-पुढचं दोन्ही आरामशीर. फक्त एसएचव्हीएसवाली (मारुतीची सौम्य हायब्रिड) असेल तर तिची बॅटरी कितीची ते आधी विचारून ठेवा, साधी बॅटरी तिला चालत नाही. होंडा अमेझ आणि सिटीचं १.५ आय-डीटेक ॲव्हरेजला उत्तम, १०० हॉर्सपॉवर, आवाज मात्र ट्रॅक्टरचा भाऊ. ह्युंदाईचं १.४ आणि १.६ सीआरडीआय मवाळ आणि टिकाऊ, पार्ट थोडे महाग. टोयोटा इटिऑसचं १.४ इंजिन मला व्यक्तिशः फार आवडतं, पण बाजारातल्या बऱ्याच इटिऑस टॅक्सीत चाललेल्या असतात.

फोक्सवॅगन-स्कोडाचं १.५ टीडीआय, फोर्डचं १.५ टीडीसीआय आणि रेनॉ डस्टरचं १.५, ही तिन्ही चालवायला मल्टिजेटपेक्षा सरस. पण तिन्हींना टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन तिथंच संपतं. बेल्ट बदलल्याचं बिल असेल तरच पुढे बोला, 'बदललाय हो' हे बिल नव्हे. फोर्डनं २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, त्यामुळे गाडी स्वस्त मिळते, पण साताऱ्यात राहून ती वापरायची तर तुमच्या ओळखीचा एखादा तिच्यात मुरलेला मेकॅनिक हवा.

टॅक्सीवरून आठवलं. पिवळी पाटी काढून पांढरी केलेल्या गाड्या बाजारात बऱ्याच फिरतात. पांढरा रंग, सगळ्यात खालचं व्हेरियंट, मागच्या सीटवर नवं कोरं कव्हर दिसलं की आरसीचा इतिहास खोदून बघा. टॅक्सी वाईटच असते असं नाही, किंमत मात्र टॅक्सीची द्यायची.

आणखी एक प्रकार आपल्या भागात जपून बघावा लागतो. ऑगस्ट २०१९ च्या आणि जुलै २०२१ च्या पुरात सांगली, कोल्हापूर, चिपळूणच्या हजारो गाड्या पाण्यात होत्या. त्यातल्या कित्येक धुऊनपुसून परत रस्त्यावर आल्या. एमएच-०८, ०९, १० ची गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, मातीची रेघ तिथं राहते. तिथवर कोणी धुवत नाही. स्टेपनीखालच्या खड्ड्यात हात घाला, सीटच्या रुळांवर गंज बघा, पायाखालची मॅट उचलून वास घ्या. थोडाही संशय आला तर कितीही स्वस्त असो, निघा. पुरातल्या गाडीचं इंजिन एकवेळ सुधारतं, वायरिंग कधीच नाही.

तसंच दिल्लीच्या गाड्यांचं. तिकडे दहा वर्षांच्या डिझेलला बंदीचा नियम आल्यापासून एनओसी (तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला) काढून त्या इकडे येतात. गाडी बरी असू शकते, पण इथला रोड टॅक्स, नव्यानं पासिंग आणि आरटीओच्या चकरा धरल्या तर स्वस्ताई कुठच्या कुठे जाते. नोकरी सांभाळून हे करू नका.

गाडी आवडली की बघायला सकाळी जा, आणि अशा बेतानं जा की ती रात्रभर उभी असेल. पोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर तळहात ठेवा. कोमट लागलं तर मालकानं ती आधीच चालू करून गरम केलेली आहे, आणि ज्याला थंड इंजिन दाखवायचं नाही त्याच्याकडे काहीतरी आहे. मी अशा वेळी चहा घेतो, गप्पा मारतो आणि 'उद्या परत येतो' म्हणतो. आदल्या रात्री वेळ ठरवा, सकाळी मात्र 'निघालोय' म्हणून फोन करू नका. त्या फोनवरच गाडी गरम होते.

थंड इंजिनला सेल मारा. एक-दोन सेकंदांत उचललं पाहिजे. पहिल्या दोन-तीन सेकंदांत पुढच्या बाजूनं साखळी हलल्यासारखा खळखळ आवाज आला तर टायमिंग चेन. मागे सायलेंसरपाशी एक माणूस उभा करा: थोडा पांढुरका धूर लगेच विरला तर ठीक, निळा राहिला तर इंजिन ऑइल पितंय, रेस केल्यावर काळा लोट आला तर नोझल किंवा टर्बो. मग इंजिन चालू असताना ऑइल फिलरचं झाकण काढून उलटं नुसतं ठेवा. किंचित थरथरलं तर चालतं. नाचून खाली पडलं आणि भोकातून धुराचा फवारा आला, तर आम्ही ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो ते आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. तिथंच नमस्कार करून निघायचं.

त्यानंतर चालवून बघा, आणि कॉलनीत गोल चक्कर मारून थांबू नका. तुम्ही साताऱ्यातच आहात, यवतेश्वर घाट घराशेजारी आहे. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगावर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. दोन हजारच्या वर गाडी पाठीला ढकलल्यासारखी उचलली पाहिजे, आणि टर्बोची बारीक शीळ चालेल, रडका आवाज नाही. खाली आल्यावर हायवेला ९० ला पाच मिनिटं एकसारखी चालवा, स्टिअरिंग थरथरतंय का, सरळ रस्त्यावर हात सैल सोडले तर गाडी कडेला जाते का. परत आल्यावर बॉनेट उघडून कूलंट, ऑइल कुठे ठिबकतंय का बघा.

एवढं सगळं ठीक वाटलं तरी हजार-दीड हजार रुपये देऊन, तुमच्या ओळखीच्या, विकणाऱ्याच्या नव्हे, मेकॅनिककडे स्कॅनर लावा. नोझलच्या करेक्शनचे आकडे, म्हणजे कुठल्या नोझलला डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय ते, एकमेकांच्या जवळपास हवेत. बिघाडाचे जुने कोड नुकतेच पुसलेले असतील तर तेही कळतं.

साडेपाच लाख पूर्ण गाडीत घालू नका. पावणेपाच-चार नव्वदची गाडी बघा आणि साठ-सत्तर हजार बाजूला ठेवा. घेतल्या आठवड्यात सगळी ऑइलं, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल बदला. क्लच, टायर आणि बॅटरी यातलं एखादं तरी पहिल्या सहा महिन्यांत निघतंच. त्यापुढे दर दहा हजाराला ऑइल बदला, म्हणजे तुमच्या धावण्यानं अडीच-पावणेतीन महिन्यांनी. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग ही पद्धत तुमच्यासाठी नाही. हेही लक्षात घ्या की चार वर्षांत तुम्हीच तिच्यावर १ लाख ८० हजार किलोमीटर चढवणार. विकताना फार काही येईल ही आशा धरू नका, ती किंमत तुम्ही डिझेलच्या हिशोबात आधीच वसूल केलेली असेल.

कागदपत्रांचं थोडक्यात: बयाणा देण्याआधी ई-चलनं आणि आरसीवरचा बँकेचा बोजा बघा, बोजा असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलायचे) वर सह्या. इन्शुरन्स १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करा. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही, म्हणून प्रीमियम थोडा वाढेल. एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे ना, तेही विचारा.

शेवटी टोल, कारण हे तुम्ही विचारलं नाहीत पण खर्चात ते मोठं आहे. आणेवाडी आणि खेड-शिवापूर, दोन्ही जाताना-येताना म्हणजे दिवसाला चार वेळा. १५ ऑगस्ट २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांसाठी ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा फास्टॅग वार्षिक पास निघाला. नाव वार्षिक असलं तरी प्रत्येक नाक्याची एक फेरी धरतात, म्हणजे तुमचा पास तीन महिन्यांत संपेल. तरीही त्या दरानं एका वेळेला १५ रुपयेच पडत होते, वर्षाला चार पास काढा. पास गाडीच्या नंबरला बांधलेला असतो, म्हणून आधीच्या मालकाचा फास्टॅग बंद करून, आरसी नावावर झाल्यावर नवा फास्टॅग काढा आणि मगच पास घ्या. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेला तो चालत नाही.